गाडी कुत्र्याला विचारून घ्या

"गो बाये, सुण्याखातीर गाडी घेता? तुका पिशें लागलां काय?"

आमच्या कचेरीत गेला महिनाभर हा प्रश्न मला दिवसातून दोनदा तरी ऐकावा लागतो. एकदा सकाळच्या चहाला आणि एकदा जेवणाचा डबा उघडताना. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. चाळिशी उलटलेली, लग्न न केलेली, फोंड्याहून रोज पणजीला कदंबा बसने ये-जा करणारी एक यूडीसी अचानक "मोटरहोम" हा शब्द उच्चारू लागली, तर माणसे हसणारच. (यूडीसी म्हणजे उच्च श्रेणी लिपिक. यातले "उच्च" आणि "श्रेणी" हे दोन्ही शब्द पगाराच्या चिठ्ठीवर कुठे दिसत नाहीत, हा भाग वेगळा.)

पण एक गोष्ट मला खरेच कळत नाही. सात सीटच्या गाडीत एकटा माणूस बसून पणजीला येतो, मांडवीच्या पुलावर रोज खोळंबतो, तिसवाडीत पार्किंग मिळत नाही म्हणून सरकारला शिव्या देतो. त्याला कोणी वेडा म्हणत नाही. सहा सीट रिकाम्या नेणारा शहाणा आणि एक सीट कुत्र्याला देणारी वेडी! असो. हसणाऱ्यांचे उत्तर देण्यासाठी हा लेख नाही. माझे भांडण दुसऱ्यांशी आहे: मोटरहोम विकणाऱ्यांशी, त्यांची जाहिरात करणाऱ्यांशी, आणि ती जाहिरात पाहून "मलाही अशीच हवी" म्हणणाऱ्या माझ्यासारख्या भोळ्या लोकांशी. कारण मीही तशीच सुरुवात केली होती.

सुरुवात झाली ती भोपाळमध्ये, बाग सेवनियाला.

लहानपणी मला वाटायचे, बेबीमावशी बागेत राहते. प्रत्यक्षात बाग सेवनिया ही भोपाळच्या दक्षिणेची, होशंगाबाद रस्त्याला लागून असलेली वस्ती. (होशंगाबादचे नाव २०२२ साली नर्मदापुरम झाले, पण मावशीच्या तोंडी शेवटपर्यंत होशंगाबाद रोडच होता.) एका अंगाला बरकतउल्ला विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला साकेतनगर आणि एम्स, पलीकडे भेलची वसाहत. मावशीचे यजमान भेलमध्ये होते. त्यांनी घर बांधले तेव्हा समोर गव्हाचे शेत होते म्हणे. आता समोर मुलींचे वसतिगृह, औषधांची दोन दुकाने आणि कोचिंगच्या पाट्या. काका गेल्यावर मावशी त्या घरात एकटी उरली, म्हणजे तिच्या हिशेबाने एकटी नव्हे. तिच्यासोबत भुरा होता.

भुरा म्हणजे नऊ वर्षांचा देशी कुत्रा. रंग कच्च्या बदामाचा, एक कान उभा, एक पडलेला. मागचे पाय सकाळी आखडतात, उन्हात थोडे फिरले की सुटतात. मावशी गेली तेव्हा घर, दागिने, बँकेतले पैसे या सगळ्यांना वारस मिळाले. घर आवरायला मी मार्चच्या शेवटी पोहोचले तेव्हा भुरा फाटकाजवळ बसला होता, आणि शेजारच्या बाई त्याला रोज दोन पोळ्या घालत होत्या. नात्यातल्या एकाने सुचवले, "राहू दे इथेच. देशी आहे, गल्लीत जगेल." नऊ वर्षे पलंगाखाली झोपलेला कुत्रा गल्लीत किती दिवस जगतो, हे त्या गृहस्थांना विचारायला हवे होते. मी विचारले नाही. मी म्हटले, मी नेते.

म्हणणे सोपे. बाग सेवनिया ते फोंडा हे अंतर रस्त्याने साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेचा नियम असा की वातानुकूलित प्रथम वर्गातला अख्खा कूपे किंवा अख्खी केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत बसतो. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. माझ्या तारखांना पहिले मिळेना आणि दुसरे मला मान्य होईना. विमानाच्या पोटात पिंजऱ्यातून पाठवायलाही मन धजेना. तेव्हा मावशीच्या शेजाऱ्यांनीच सांगितले, "दीदी, चार गल्ली छोडके एक मोटरहोम खड़ी है, बिकाऊ है. देख लीजिए."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही दोघे असे घरासकट गोव्याला जाऊ! संगणकाच्या पडद्यावर पाहिलेली सगळी चित्रे डोळ्यांसमोर आली. मागचे दार उघडे, समोर तळे, मावळता सूर्य, पांढरी चादर, आणि चादरीवर बसलेला सोनेरी केसांचा कुत्रा. त्या चित्रांतला कुत्रा कधी धापा टाकत नाही, कधी ओकत नाही, पावसातून येऊन अंग झाडत नाही. पण तेव्हा हे कोणाला सुचते?

एका रिकाम्या प्लॉटवर ती उभी होती. मूळची मिनीबस, नंतर कुणीतरी हौसेने घर केलेली. टपावर शेजारणीने पापड वाळत घातले होते. मालक उत्साही माणूस. "मॅडम, फॅमिली में कितने लोग?" मी म्हटले, एक. "और?" और कुत्ता. त्याने भुराकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मग आतले सामान दाखवायला घेतले. एलईडी टीव्ही, सोफा-कम-बेड, मॉड्युलर किचन, शॉवर, छताला निळे दिवे. एसी एक टनाचा. जमिनीवर चकचकीत लॅमिनेट, संगमरवरासारखे दिसणारे. सगळे मी कौतुकाने पाहिले. मग भुराला हाक मारली.

भुरा आला नाही. दाराला तीन पायऱ्या होत्या, लोखंडी, जाळीच्या, खालची जमीन दिसणाऱ्या. त्याने पहिलीवर पुढचा एक पाय ठेवला, जाळीतून खाली पाहिले, पाय काढून घेतला आणि प्लॉटच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मालक आणि मी त्याला उचलून आत घातले. वीस-बावीस किलोचा कुत्रा, दुखरे मागचे पाय. आत त्या संगमरवरी लॅमिनेटवर त्याचे चारी पाय चार दिशांना गेले. तो तसाच पोट टेकून पडून राहिला, उठायला तयार नाही.

मी मालकाला विचारले, इंजिन बंद केल्यावर एसी किती वेळ चालतो? तो म्हणाला, "जनरेटर है ना." आणि जनरेटर बंद पडला, मी तेव्हा औषधाच्या दुकानात असले, तर? त्याला प्रश्नच कळला नाही. "आप तो अंदर ही रहोगी ना, मॅडम?"

वाचकहो, माझे सगळे म्हणणे या एका प्रश्नोत्तरात आहे. कुटुंब फिरायला निघते तेव्हा एक जण गाडीत बसतो, दुसरा पाणी आणायला जातो. जोडपे निघते तेव्हा पाळीपाळीने देऊळ पाहता येते. एकट्या माणसाला हे नाही. एकटी बाई कुत्रा घेऊन निघाली की तिला शौचालयात जायचे असले, एटीएममधून पैसे काढायचे असले, पोट बिघडून डॉक्टरकडे जायचे असले, तरी प्रत्येक वेळी एकच प्रश्न उभा राहतो: कुत्रा कुठे? मोटरहोम घेण्याचे खरे कारण तेवढेच आहे. पलंग तर लॉजमध्येही मिळतो. इंजिन बंद करून, काचा नीट लावून मी अर्धा-पाऊण तास गेले, तर परत येईपर्यंत कुत्रा सुखरूप राहील काय? या प्रश्नाला "होय" म्हणणारी गाडी हेच एकट्या माणसाचे मोटरहोम. "नाही" म्हणणारी गाडी कितीही लाखांची असो, ती चाकांवरची शोकेस आहे.

हे मी चिडून म्हणत नाही, हिशेब करून म्हणते. कारकुनाला दुसरे येते काय? १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २४०० वॉट-तास. बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. उरले १२००. एक टनाचा एसी चालू असताना हजार वॉटच्या आसपास खातो. म्हणजे जेमतेम तासभर, तोही बॅटरी नवी असताना. याउलट छतावरचा झरोक्याचा पंखा तीस वॉटच्या घरात चालतो. तेवढ्याच विजेवर तो चाळीस तास फिरेल. विक्रेता आपल्याला एसी दाखवतो, पंख्याची जागा विचारली तर "लगवा देंगे" म्हणतो.

पण पंख्याचाही गर्व नको. पंखा आतली हवा बाहेरच्याएवढीच ठेवू शकतो, त्याहून थंड नाही. बंद गाडी उन्हात उभी राहिली की तासाभरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी सहज चढते, आणि त्यातला बराचसा चढ पहिल्या अर्ध्या तासातच होतो. काच बोटभर उघडी ठेवून काही साधत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून अंग निववतो. आणि आपल्या गोव्यासारख्या दमट हवेत ते धापा टाकणेही अर्धेच उपयोगी पडते. म्हणून मी आता उघड सांगते: एप्रिल-मे महिन्यात कुत्र्याला घेऊन मोटरहोमने फिरण्यालायक गाडी माझ्या ऐपतीत अस्तित्वात नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फिरा, पहाटे चाला, दुपारी झाडाखाली थांबा. हे विक्रेता सांगणार नाही, कारण मग त्याची गाडी वर्षातले चारच महिने विकली जाईल.

तर ती मिनीबस मी घेतली नाही. मावशीच्या ओळखीतल्या एका वयस्क ड्रायव्हरची ईको भाड्याने ठरवली. निघण्याच्या आदल्या दिवशी चाचणी म्हणून भीमबेटकाला गेलो. बाग सेवनियाहून तो रस्ता सरळच आहे, पाऊण-एक तासाचा.

भीमबेटका हे मराठी माणसाने आवर्जून पाहावे असे ठिकाण. नीमचला जन्मलेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली रेल्वेच्या डब्यातून जाताना त्या टेकड्या पाहिल्या आणि उतरून चालत गेले, म्हणून ती हजारो वर्षांची चित्रे जगाला कळली. २००३ साली ते जागतिक वारसा स्थळ झाले, आणि भोवतीच्या रातापानी व्याघ्र प्रकल्पाला डिसेंबर २०२४ मध्ये वाकणकरांचेच नाव दिले गेले. मला कधीपासून जायचे होते. दाराशी पहारेकऱ्याने भुराकडे बोट दाखवून मान हलवली. त्याचे बरोबर होते. संरक्षित स्मारकांच्या १९५९ च्या नियमांतच आहे की स्मारकाच्या आवारात जनावर आणायचे नाही. अभयारण्यात तर नाहीच नाही.

बाहेर पारा ३७-३८. ड्रायव्हरकाका म्हणाले, "आप देख आइए, मैं बैठता हूँ इसके साथ." मी गेले, पाहिले, आणि त्या हरणांपुढे उभी असताना मनात एकच विचार: आज काका आहेत. एकटी असते तर? तर मी इथे उभी नसते. गाडी सावलीत लावून तिथूनच परतले असते. छायाचित्रातले मोटरहोम नेमके अशा ठिकाणांसमोर उभे असते, आणि एकट्या माणसाला कुत्र्यासह अशा ठिकाणी शिरताच येत नाही. देवळात नाही, किल्ल्यावर नाही, संग्रहालयात नाही, जंगलात नाही. मग आपण जाणार कुठे? नदीकाठ, माळ, आप्तांचे अंगण, आडवाटेचे गाव. म्हणजे रस्ते अरुंद, वळणे अवघड. तिथे सात मीटरची गाडी घेऊन काय करणार? ईको पावणेचार मीटरच्या आतच आहे. आमच्या फोंड्याच्या वाड्यावरच्या गल्लीत ती वळते, मिनीबस वळणार नाही. लांब गाडी घेणाऱ्याने आधी आपल्याच घराच्या गल्लीत एक ट्रक वळवून पाहावा.

दुसऱ्या दिवशी निघालो. इंदूर, सेंधवा करत रात्री धुळ्याजवळ. एका लॉजवर मॅनेजरने आधी विचारले, "एकट्याच?" मग भुरा दिसला. "कुत्रा नाही चालणार." त्याच्या डोक्यावर भिंतीला दत्तगुरूंची तसबीर होती, ताजा हार घातलेली. पायाशी चार कुत्रे. मी त्या चौघांकडे बोट दाखवले. तो हसला, म्हणाला, "ताई, ते वेद आहेत." काय बोलणार! आपल्याकडे कुत्रा वेद असला तर चालतो, खंडोबाच्या मागे असला तर चालतो, भैरवाचे वाहन असला तर चालतो. कुत्रा असला तर चालत नाही.

ती रात्र पेट्रोल पंपाच्या आवारात गाडीत काढली. काकांना शेजारच्या ढाब्यावर खाट मिळाली. मी आणि भुरा ईकोच्या मागच्या भागात. त्या एका रात्रीत मला मोटरहोमबद्दल जेवढे कळले तेवढे दहा विक्रेत्यांनी सांगितले नसते. पहिले हे, की मध्यरात्री कोणी काच ठोठावली तर खाली न उतरता ड्रायव्हरच्या सीटवर जाता आले पाहिजे. मालवाहू गाडीच्या पाठीवर खोली बसवलेली जी मोटरहोमे असतात त्यांच्यात बहुधा हे जमत नाही. मागे झोपलात की पुढे जायला दार उघडून बाहेर पडावे लागते. एकट्या बाईने असली गाडी घेऊ नये. फुकट मिळाली तरी घेऊ नये. ईकोत दोन सीटांच्या मधून अंग चोरून पुढे जाता येते. मी गेले आहे. कंबर धरली, पण गेले.

दुसरे, आत काहीतरी शौचाची सोय हवी. झाकणाची बादली का असेना. रात्री दोन वाजता पंपाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाण्यापेक्षा ती बादली हजार पटींनी सन्मानाची. या विषयावर आमच्याकडे कोणी बोलत नाही, मोटरहोमच्या माहितीपत्रकात तर "लक्झरी वॉशरूम" असा शब्द असतो आणि त्यातले घाण पाणी रिकामे कुठे करायचे याबद्दल अवाक्षर नसते.

तिसरे भुराने शिकवले. ईकोचे इंजिन पुढच्या सीटांखाली असते. दिवसभर गाडी चालल्यावर तिथला पत्रा तापलेला असतो. भुरा माझ्याजवळ यायला पुढे सरकायचा आणि पाय पोळल्यासारखा मागे जायचा. शेवटी तो मागच्या दाराला पाठ लावून आडवा झोपला. तीच त्याची जागा. पलंगाची आखणी तिथून सुरू करायला हवी: आधी कुत्र्याची जागा, मग माझी, मग उरलेल्या जागेत स्टोव्ह आणि भांडी. विक्रेते उलटे करतात. ते आधी सोफा बसवतात.

स्टोव्हवरून आठवले. इथे मला माझ्याच अंगणात उभे राहून बोलायचे आहे. आपण गोंयकारांनी रस्त्याकडेला बस थांबवून भात शिजवणाऱ्या पर्यटकांना किती नावे ठेवली! मीही ठेवली आहेत. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आली, पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद झाली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता मीच चाकांवरची चूल घेऊन दुसऱ्याच्या गावात उभी राहणार. मग त्या गावच्या लोकांनी मला काय म्हणावे? माझे उत्तर इतकेच की चूल गाडीच्या आत, खरकटे पाणी डब्यात, आणि कुत्र्याची घाण पिशवीत उचलून माझ्यासोबत. हे ज्याला जमत नसेल त्याने मोटरहोम घेऊ नये, मग तो कोकणी बोलणारा असो की हिंदी. कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली आणि तिचा कागद गाडीत, हेही त्यातच आले. २०२१ साली गोवा रेबीजमुक्त राज्य म्हणून जाहीर झाले ते अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टाने. बाहेरून कुत्रा आणणाऱ्याने तो कागद मागण्याआधीच दाखवावा.

सरकारी धोरणांबद्दलही एक शब्द. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले, केरळने त्याच वर्षी "केरवान केरळ" सुरू केले. चांगली गोष्ट. पण या सगळ्या बोलण्यात मोटरहोम म्हणजे फिरते हॉटेल, आणि प्रवासी म्हणजे कुटुंब किंवा परदेशी पाहुणा. एकटा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे नाही, कुत्रा तर नाहीच. आमच्या एलटीसीच्या नियमांत कुटुंबाची व्याख्या वाचली आहे का? मी तोंडपाठ म्हणू शकते. अवलंबून असलेले आईवडील आहेत, भावंडे आहेत. स्वतःच्या गाडीने गेलात तर पैसे मात्र मिळत नाहीत. मी नियमांवर चिडत नाही, नियम लिहिणाऱ्यांतलीच मी एक. पण फिरायला निघणारा प्रत्येक जण चौकोनी कुटुंबातलाच असतो, हे जे गृहीत आहे ते गाडीच्या आराखड्यातही उतरते, आणि मग एकट्या माणसाला सहा जणांच्या सोफ्याचे पैसे भरावे लागतात.

कायद्याची भीती मात्र उगाच दाखवली जाते. ५ नोव्हेंबर २००४ च्या केंद्राच्या अधिसूचनेत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. साडेसात हजार किलोंपर्यंतचे वजन हलक्या वाहनात मोडते, म्हणजे आपला नेहमीचा परवाना पुरतो. अडचण येते ती चालू गाडीत फेरफार करताना. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी आणि मूळ बनावटीशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठासून सांगितले. सुतार म्हणतो, "सीट काढून टाकू, कोण बघतो?" अपघात झाला की विमा कंपनी बघते. तेव्हा आधी अर्ज, मग करवत.

महाभारतातली गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. शेवटी इंद्र रथ घेऊन आला आणि युधिष्ठिराला म्हणाला, चल, पण कुत्रा नको. युधिष्ठिर चढला नाही. कीर्तनकार यावर भूतदया, धर्म, परीक्षा असे पुष्कळ सांगतात. मला आता त्यातले वेगळेच दिसते. रथ उत्तम होता, स्वर्गापर्यंत जाणारा होता, फुकट होता. त्यात कुत्र्याला जागा नव्हती, एवढ्या एका कारणावरून त्याने तो नाकारला. आम्ही मात्र निळ्या दिव्यांना भुलतो.

कोणी म्हणेल, हे सगळे कशाला, कुत्रा घरी ठेवून जा की. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण कुत्र्याला जागेची ओढ असते, आणि प्रत्येक कुत्र्याला गाडी सोसत नाही. भुरा पहिल्या दिवशी इंदूरच्या अलीकडे दोनदा ओकला. ज्याचा कुत्रा गाडी पाहून शेपूट पायात घालतो त्याने मोटरहोम घेणे म्हणजे त्या जनावराचा छळ आहे, आणि तिथे मी कचेरीतल्या मंडळींच्याच बाजूने उभी राहीन. म्हणूनच आधी भाड्याची साधी गाडी, दोन-तीन रात्री, मग निर्णय. भुरा दुसऱ्या दिवशी सावरला. पुण्याला मामेभावाकडे मुक्काम झाला. तिसऱ्या दिवशी आंबोली घाटात ढग खाली आले तेव्हा त्याने काचेला नाक लावले ते बांद्यापर्यंत काढले नाही. पत्रादेवीला गोव्यात शिरताना तो जागा होता, मी पेंगत होते.

आता फोंड्यात तो व्हरांड्यात झोपतो. सकाळी पदेराचा भोंपू वाजला की फाटकाशी जातो, आणि त्याला रोज एक उंडो मिळतो. मावशीच्या पोळीची सवय पंधरा दिवसांत सुटली. मी एक जुनी ईको पाहून ठेवली आहे. भुराला तिच्याजवळ नेले, दार सरकवले आणि गप्प उभी राहिले. त्याने वास घेतला, पुढचे पाय चढवले, मागचे अडकले. सुतार म्हणाला, एक फळी तिरकी लावू, वर काथ्याची चटई ठोकू, घसरणार नाही. फळी लावली. भुरा चढला, आत एक चक्कर मारली आणि मागच्या दाराला पाठ लावून बसला. विक्रेता म्हणाला, अजून दोन गाड्या आहेत, पाहा तरी. मी नाही पाहिल्या.

मधली सीट काढून फळ्यांचा पलंग करण्यासाठी परवानगीचा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला. खिडकीपलीकडे माझ्याच बिरादरीतला एक कारकून होता. त्याने अर्ज उलटसुलट पाहिला, चष्मा वर केला.

"कारण कितें?"

"सुणें."

त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. "विलायती?"

"ना. भोपाळचें."

त्याने शिक्का मारला आणि पोचपावती पुढे सरकवली. पंधरा दिवसांनी चौकशी करायला सांगितले आहे.